शाफ्टची खालीवर चाल

डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बॉडीतल्या बॉडीत जेवढा खालीवर सरकतो, तेवढा त्याचा एंड प्ले. चाल अर्ध्या मिलिमीटरची असते, पण इंजिनाचे टायमिंग एका जागी ठरू न देण्याची ताकद तिच्यात असते.

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेसारख्या गावात अॅम्बेसेडर, पेट्रोल जीप आणि डिसेंबर 1983 मध्ये आलेली मारुती 800 यांवर हात बसलेल्या मिस्त्रीला ही चाल उशिरा ओळखू येते. शिकाऊ वयात त्याला शिकवतात ती पॉइंटची फट. फिलर गेज घालायचा, स्क्रू आवळायचा, बॉडी जरा फिरवून टायमिंग लावायचे. गाडी सुरळीत जाते आणि चार दिवसांनी पुन्हा दारात येते. पिकअप नाही, आयडलला इंजिन हलते, चढावर ठोकते. दोष पॉइंटला, कंडेन्सरला, कार्ब्युरेटरला दिला जातो. रोटर धरून शाफ्ट आडवा हलवला तर बुशची झीज कळते. तोच शाफ्ट वर ओढून पाहण्याचे सुचत नाही.

टायमिंग हलण्याचे कारण शाफ्टच्या खालच्या टोकावरील गिअरच्या दातांत आहे. कॅमशाफ्टवरून फिरणाऱ्या या गिअरचे दात तिरके असतात. शाफ्ट वर सरकला की दात दातावरून घसरतो आणि शाफ्ट थोडा फिरतो. दात 45 अंशांत कापलेले आणि गिअरची त्रिज्या 12 मिमी धरली, तर अर्ध्या मिलिमीटरच्या चालीने शाफ्ट सुमारे अडीच अंश फिरतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने क्रँकवर हा फरक जवळपास पाच अंशांचा होतो. जुन्या पेट्रोल इंजिनांचे मूळ टायमिंगच कित्येकदा पाच ते दहा अंशांचे असते. म्हणून टायमिंग लाइटखाली पुलीवरची खूण थरथरते.

दुरुस्तीला क्रम लागतो. आधी रोटरची दिशा आणि बॉडीची जागा खुणेने नोंदवायची. डिस्ट्रिब्युटर बाहेर असताना इंजिन फिरवायचे नाही. शाफ्ट खाली ढकलून गिअर आणि बॉडी यांमधल्या फटीत फिलर गेज घालायचा, किंवा शाफ्टच्या टोकाला डायल गेज लावायचा. आकडा मॅन्युअलपेक्षा जास्त निघाला, तर पंचाने पिन ठोकून गिअर उतरवायचा, गिअर आणि बॉडी यांमध्ये पातळ वॉशर घालायचा, नवी पिन बसवायची. शाफ्ट बोटांनी अडथळ्याविना फिरला पाहिजे. त्यानंतर पॉइंटची फट आणि शेवटी टायमिंग. हा क्रम उलटला की सगळे काम पुन्हा करावे लागते.

चाल पूर्ण मारणे ही दुसरी चूक. बॉडी अॅल्युमिनियमची आणि शाफ्ट पोलादाचा असेल, तर तापल्यावर बॉडी जास्त वाढते. 100 मिमी लांबीवर 60 अंशांची वाढ झाली, तर दोहोंत सुमारे 0.07 मिमी फरक पडतो आणि तेवढी फट मिटते. वर्ध्याच्या मे महिन्यात हवाच 45 अंशांना टेकते. बॉनेटखालची उष्णता त्याहून किती तरी जास्त. थंड असताना घट्ट बसवलेला शाफ्ट तिथे जखडतो. थोडी मोकळीक ठेवणे हा कामाचाच भाग आहे.

प्रत्येक गाडीत दोष एकाच जागी शोधायचा नसतो. अॅम्बेसेडरच्या 1489 सीसी इंजिनात तिरका गिअर डिस्ट्रिब्युटरवर नसून इंजिनाच्या आत वेगळ्या स्पिंडलवर असतो आणि डिस्ट्रिब्युटर त्याच्या खाचेत बसतो. तिथे स्पिंडलची चाल तपासावी लागते.

पुढे संगणकावर चालणारे इंजेक्शन आणि स्वतंत्र कॉइल आल्या, क्रँकचा सेन्सर टायमिंग ठरवू लागला आणि नव्या गाड्यांतून डिस्ट्रिब्युटर गेला. 2014 मध्ये मारुती 800 आणि अॅम्बेसेडर या दोन्हींचे उत्पादन थांबले. पण जपून ठेवलेल्या जुन्या गाड्या अजून गॅरेजात येतात. त्यांच्या मालकांनी आणि मिस्त्रींनी टायमिंगला हात लावण्यापूर्वी रोटर काढून शाफ्ट एकदा वर ओढून पाहावा.