मोठा आवाज आणि बारीक कान

लोक बोलतात फार आणि ऐकतात थोडें, अशी तक्रार आम्ही आजवर दुसऱ्यांविषयीं करीत आलों. गेल्या दिवाळींत मात्र तीच तक्रार आमच्यावर उलटली, आणि ती उलटविली आमच्याच मोटारींतल्या दोन यंत्रांनीं.

16 मे 2021 रोजीं तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलें. मालवणांत आमच्या घरची वीज गेली, फोन मुके झाले, आणि चार कोसांवर देवबागेस राहणाऱ्या आमच्या मावशीची खुशाली कळावयास तीन दिवस लागले. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास कर्लीची खाडी, आणि मध्यें वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर तिचें घर! 2004 च्या डिसेंबरांत त्सुनामीनें अंदमानांत हाहाकार उडविला, तेव्हां पोर्ट ब्लेअर येथें हौशी बिनतारी केंद्र चालविणाऱ्या भारती प्रसाद यांनीं तेथल्या माणसांची खबर मुख्य भूमीवरील आप्तांस पोंचविली, हें आम्हांस ठाऊक होतें. आम्हीं परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळविला, आणि मावशीच्या मुलासही त्याच मार्गास लाविलें.

परंतु हातांतल्या संचाची शक्ति अवघी पांच वॅट. ती माडांच्या दाटींत कोठेंच जिरून जाई. म्हणून मोटारींत दोन शक्तिवर्धक बसविण्याचें ठरलें: एक दोन मीटरच्या पट्ट्यासाठीं, म्हणजे 144 ते 146 मेगाहर्ट्झ, आणि दुसरा सत्तर सेंटिमीटरच्या पट्ट्यासाठीं, म्हणजे 434 ते 438. प्रत्येकाची शक्ति पन्नास वॅट. प्रथम आम्हीं वीज सिगारेट पेटविण्याच्या खांचेंतून घेतली. बोलण्यास आरंभ करतांच फ्यूज उडाला. पन्नास वॅट बाहेर पाठवावयाचे तर बॅटरींतून आठ-दहा अँपियर ओढावे लागतात, हा हिशेब आम्हीं नंतर केला. मग जाड तार थेट बॅटरीपासून आणली. तिचा फ्यूज बॅटरीच्या अगदीं शेजारीं बसविला; कारण पुढें कोठें तार पत्र्याला घासली तर आग लागावयाची. दोन्ही वर्धकांच्या तारा एका जोडयंत्रांतून टपावरच्या एकाच एरियलला दिल्या, आणि खाऱ्या वाऱ्यानें सांधे गंजूं नयेत म्हणून त्यांवर रबरी पट्टी गुंडाळली.

मालवणच्या बंदरावर उभे राहून आम्हीं मोठ्या ऐटींत हांक दिली. उत्तर नाहीं. पुन्हां दिली. नुसती खरखर. इतक्यांत बंधुराजांचा फोन आला, "दादा, तुझो आवाज घरभर घुमता. माझो तुका ऐकूक येता काय?"

तेव्हां आमच्या डोक्यांत उजेड पडला. आमच्या वर्धकांनीं वाढविला होता तो आमचा आवाज. त्याचे पांच वॅट पांचच राहिले होते. अशा केंद्राला हौशी मंडळींत थट्टेनें मगर म्हणतात: तोंड मोठें, कान बारीक. वादळाच्या वेळीं आम्हांस काय हवें होतें? आपली खुशाली गर्जून सांगणें, कीं मावशीची ऐकणें? शिवाय शक्ति दसपट केली तरी ऐकणाऱ्याच्या संचावरील मापांत जेमतेम दीड पायरीचा फरक पडतो. उंची मात्र दोघांच्याही कामास येते.

म्हणून गाडी कुंभारमाठच्या सड्यावर नेली. जांभ्या दगडाच्या त्या उघड्या माळावरून खालचीं माडांचीं बनें आणि पलीकडचा समुद्र दिसूं लागला. इंजिनाचीही कुरकुर नको म्हणून तें थांबविलें, दोन्ही वर्धकांच्या कळा बंद केल्या, आणि नुसत्या पांच वॅटांनीं हांक देऊन स्वस्थ बसलों.

खरखरींतून बारीक पण स्वच्छ आवाज आला, "आई विचारता, जेवलंस काय?"

वर्धक अजून मोटारींत आहेत. प्रसंगीं ते उपयोगीं पडतील. परंतु पावसाळा तोंडावर आला कीं आम्ही आतां आधीं सड्यावरची वाट मोकळी आहे कीं नाहीं, तें पाहून येतों.