मुक्ता, पॅड बदलण्याआधी

चि. मुक्तास,


पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत, गॅरेजवाल्याने तीन प्रकारचे तीन भाव सांगितलेत, कुठले टाकू, असं तू विचारलंस. फोनवर एका वाक्यात सांगता आलं असतं. पण कराडला यायला तू कुंभार्ली घाट चढतेस आणि चिपळूणला परतताना तोच घाट उतरतेस, म्हणून सविस्तर लिहितो. आयुष्य गॅरेजात गेल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: पॅड हा ब्रेकचा एक भाग झाला. तो कितीही भारी आणला, तरी डिस्क, कॅलिपर किंवा ब्रेक ऑइल खराब असेल तर त्याचा उपयोग नाही.

तुझ्या गाडीला पुढे डिस्क आहे, मागे ड्रम. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, त्यामुळे थांबवण्याचं बरंचसं काम पुढचे ब्रेक करतात आणि तेच आधी झिजतात. नव्या पॅडवरचा थर साधारण 10 मिलिमीटर जाड असतो. 3 मिलिमीटर उरला की पॅड बदलायचे. बऱ्याच पॅडना एक पातळ पत्ती असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून चिरका आवाज करते. त्या आवाजाची वाट बघत बसू नकोस. चाकाच्या फटीतून टॉर्च मारलास तर बाहेरचा पॅड किती उरलाय ते दिसतं. आतला पॅड मात्र चाक काढूनच बघावा लागतो.

आता निवडीचं. 1888 मध्ये बर्था बेन्झ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला निघाली. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने वाटेत चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. कशावर काय घासायचं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. पुढे बरीच वर्षं ब्रेकच्या घासणाऱ्या थरात, म्हणजे लायनरमध्ये, अॅस्बेस्टॉस वापरत. त्याची धूळ फुफ्फुसांचं काय करते, ते तुला डॉक्टरला मी सांगायला नको. जुन्या आणि बिनानावाच्या मालात ते नसेलच, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून हवेच्या पाइपने ब्रेकची धूळ उडवू देऊ नकोस. ब्रेक क्लीनर मारून पुसायला सांग.

सगळ्यात स्वस्त पॅडच्या खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव, गाडीचं मॉडेल आणि बॅच नंबर नसेल, तर ते परत कर. पॅडचा थर लोखंडी पट्टीवर चिकटवलेला असतो आणि हलक्या मालात तो तापून सुटू शकतो. सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता चांगली सोसतात, पण आवाज करतात आणि डिस्कही जास्त खातात. सिरॅमिक पॅड शांत असतात, चाकांवर काळी धूळ कमी पाडतात, पण महाग. शर्यतीच्या गाड्यांचे पॅड तर तापल्याशिवाय नीट पकडतच नाहीत. तुला जुलैतल्या ओल्या सकाळी, दवाखान्याकडे निघताना, पहिल्याच ब्रेकला गाडी थांबायला हवी. त्यासाठी कंपनीचे ओरिजिनल पॅड घे, किंवा नावाजलेल्या उत्पादकाचे, त्याच मॉडेलसाठी बनवलेले, बिनाअॅस्बेस्टॉसचे ऑरगॅनिक पॅड. बजेट असेल तर सिरॅमिकही चालतील. आणि दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदल. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते.

पॅड बसवताना समोर उभी राहा आणि तीन गोष्टी करून घे. पहिली, डिस्कची जाडी. किमान किती हवी ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. मायक्रोमीटर लावून मोजायला सांग. ब्रेक दाबताना पेडल थरथरत असेल तर डिस्क लेथवर मारून देतो म्हणतील. मारल्यानंतरही जाडी किमान मापाच्या वर राहणार असेल तरच हो म्हण, नाहीतर दोन्ही डिस्क नव्या घे. दुसरी, कॅलिपरच्या पिना. कोकणातल्या दमट हवेत त्या जाम होतात, मग एकच पॅड झिजत राहतो. त्या काढून, साफ करून, ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायला सांग. साध्या ग्रीसने रबरी बूट फुगतात. तिसरी, मागचे ड्रम उघडून लायनर किती उरलेत आणि व्हील सिलिंडर पाझरतोय का, ते बघून घे.

ब्रेक ऑइलकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि घाटात तेच दगा देतं. पावसाळ्यात उघड्या बरणीतल्या मिठासारखं ते हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट 3 ग्रेडचं ऑइल किमान 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ती मर्यादा 140 अंशांपर्यंत उतरू शकते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. उतारावर ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं, की नळ्यांत वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जातं आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदल. टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच ग्रेड, सीलबंद डब्यातलं, समोर उघडलेलं वापरायचं आणि सगळी हवा काढून घ्यायची. पॅड झिजतात तशी टाकीतली पातळी थोडी उतरते. पण ती भराभर उतरत असेल तर वरून ऑइल ओतत राहू नकोस, गळती शोधायला लाव.

पॅड बसल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहायचं, नाहीतर पहिला ब्रेक रिकामाच जाईल. मग मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हलकेच ब्रेक दाबून वेग कमी कर, थोडं अंतर जाऊ दे, पुन्हा कर. म्हणजे पॅड डिस्कवर एकसारखा बसतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गरज नसताना करकचून ब्रेक मारू नकोस. नवे पॅड घेऊन थेट घाटात तर मुळीच उतरू नकोस.

घाट उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेव, वेग इंजिनाला धरू दे. न्यूट्रलवर गाडी सोडून डिझेल-पेट्रोल वाचवायचा नाद कुणी शिकवला तर ऐकू नकोस. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं, की मोकळी जागा बघून थांब आणि ब्रेक गार होऊ दे. पाण्यातून गाडी काढलीस तर पुढे जाऊन हलकेच ब्रेक दाबून ते वाळव. पावसाळ्यात गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नकोस, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेव आणि चाकाला दगड लाव. रात्रीच्या पावसाने डिस्कवर धरलेल्या तांबूस गंजाला घाबरू नकोस, चार ब्रेकमध्ये तो निघून जातो.

आणखी एक काम कर. पुढचे जुने चारही पॅड मागून घे. कुठला कुठल्या चाकाचा, आतला की बाहेरचा, हे लगेच खडूने लिहून ठेव. चारही सारखे झिजले असतील तर उत्तम. एकाच चाकाचा आतला पातळ आणि बाहेरचा जाड निघाला, तर तो कॅलिपर नीट सरकत नाही. पॅड तिरका झिजला असेल तरी दोष तिथेच शोधायचा. पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल, तर घाटात तुझा पाय ब्रेकवर जास्त राहतोय आणि गिअर कमी वापरला जातोय. नवे बसवण्याआधी चारही पॅडचे फोटो मला पाठव, कारण काही बिघडलेलं असेल तर ते आधी दुरुस्त व्हायला हवं. गॅरेजवाला घाई करायला लागला, तर मामाने थांबायला सांगितलंय म्हण.

तुझा,
मामा