छत्तीसचा आकडा

आमच्या घरात 'छत्तीसचा आकडा' म्हटलं की सगळ्यांना दोनच माणसं आठवतात. थोरले आप्पा धुळ्याला, धाकटे नाना जळगावला. मध्ये नव्वदेक किलोमीटरचा हायवे आणि कपाशीच्या शेताचा एक बांध. बारा वर्षं झाली, बोलणं नाही.

परवा भाचीनं विचारलं, "मामा, छत्तीसच का? सदतीस का नाही?" पोर इंग्रजी माध्यमातली, मराठी आकडे तिला लग्नपत्रिकेतच भेटतात. कागदावर ३ आणि ६ शेजारी काढून दाखवले. एकाचं तोंड डावीकडं, दुसऱ्याचं उजवीकडं. पाठीला पाठ! इंग्रजी सहाचं पोट बंद, त्यामुळे तिथं ही गंमत तितकीशी जमत नाही.

मग मीच या आकड्यांच्या मागे लागलो. ब्राह्मी लिपीत एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा. जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे, त्यात ब्राह्मी आकडे कोरलेत. पुढे हात न उचलता लिहिण्याच्या सवयीनं तीन रेघा एकमेकींना जोडल्या गेल्या आणि ३ झाला. चिनी लिपीत, आणि तिच्यातून घेतलेल्या कोरियातल्या अक्षरांत, तीन अजूनही तीन सुट्या रेघाच आहेत.

६ चं कूळ मात्र वेगळं. तो रेघांतून आलाच नाही, मुळातच एक वळणदार खूण होता. लिहिता लिहिता दोघं एकमेकांची आरशातली रूपं वाटू लागले, एवढंच.

कोरियात चार आणि मृत्यू या दोन्हींचा उच्चार 'सा'. म्हणून तिथल्या काही इमारतींच्या लिफ्टमध्ये चारच्या जागी इंग्रजी 'एफ' असतो. त्यांचं वावडं कानाचं, आपलं भांडण डोळ्यांना दिसणारं. आणि जे दिसतं ते फिरवताही येतं. हेच दोन आकडे उलट क्रमानं लिहा, ६३. लगेच समोरासमोर! कुणाचं वळण बदललं नाही, फक्त जागा बदलल्या. बेरीज आधीही नऊ, आताही नऊ.

वेगळ्या कुळातल्या आकड्यांना हे जमतं. आमचे दोघं तर एका आईची लेकरं.

असो. येत्या आखाजीला आमच्याकडे खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस आहे. धुळेकर आणि जळगावकर, दोघंही हे वाचतात, म्हणून आमंत्रण इथंच देतोय. पाट मी मांडणार आहे, समोरासमोर.