डबक्यातला तुरा

"चल रे, डबकं आहे नुसतं." कासच्या पठारावर वाकून बघणाऱ्या पोराचा हात त्याच्या आईने ओढला. तिला पुढचे फुलांचे गालिचे गाठायचे होते. सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी पट्टा फोटोत सुरेख येतो, ते खरंच. पण मला विचाराल तर या पठाराचा जीव डबक्यांत आहे.

त्या डबक्यात वायतुरा होता. घोटाभर पाणी, तळाला जांभ्याचा तांबूस गाळ, लांबट पानं आणि पाण्याबाहेर ताठ उठलेला दांडा. टोकाला तो दुभंगून इंग्रजी वाय अक्षरासारखा होतो आणि दोन्ही फाट्यांवर बारीक, फिकट फुलं दाटीने बसतात. सह्याद्रीतली मोजकी पठारं सोडली तर ही वनस्पती जगात कुठेच उगवत नाही. सुंदरराघवन, कुलकर्णी आणि यादव यांनी 1982 साली तिचं शास्त्रीय नामकरण केलं आणि साताऱ्याचं नाव तिला कायमचं चिकटलं. पाऊस सरला, डबकं आटलं की वरचं सगळं वाळून जातं. गाळात कंद तेवढा उरतो, पुढच्या पावसाची वाट बघत.

डबक्यांकडे बघायला मला शिकवलं ते अशाच एका पठारावर म्हसरं राखणाऱ्या आजींनी. डोक्यावर इरलं, हातात काठी. मी फुलांची नावं विचारत होतो, त्या मला पाणी दाखवत होत्या. "ह्यातलं दसऱ्याला सरतंय. त्ये पल्याडचं दिवाळीपातूर ऱ्हातंय बघ, खाली कातळाला खोलगा हाय." कुठल्या डबक्यात म्हसरं बसतात, कुठल्यात बसत नाहीत, कुठे चिखलात पाय रुततो, सगळं त्यांना पाठ. फुलाचं मात्र कौतुक नाही. "उगवतंय दरसाल," एवढंच म्हणाल्या आणि एका चुकार रेडकाला हाळी देत निघून गेल्या. किती दिवस पाणी टिकतं, यावरच तर वायतुऱ्याचं सगळं आयुष्य बेतलेलं असतं. तो हिशेब त्यांच्याइतका नेमका मी कुठल्याच पुस्तकात वाचला नाही.

2012 साली कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पठाराला कुंपण पडलं, चराई थांबली. मग गवत माजतंय, फुलं मागे हटतायत अशी तक्रार सुरू झाली आणि पुढे कुंपण निघालं. गुरं किती असावीत, कधी असावीत, हे ठरवताना आधी म्हसरं राखणाऱ्यांना विचारावं, असं मला कळकळीने वाटतं. डबक्यांबद्दलही त्यांनाच विचारावं, कारण वाहनतळासाठी जमीन सपाट करतात तेव्हा पहिली बुजतात ती डबकीच.

आजी गेल्या त्या वाटेवर म्हशीच्या खुराचे ठसे पाण्याने भरले होते. एका ठशाच्या काठाला सीतेची आसवं फुलली होती, निळसर जांभळी, नखाएवढी. कातळावरच्या या चिमूटभर मातीत नत्र फारसं नसतंच. म्हणून ही नाजूक वनस्पती ओल्या मातीत इवल्या पिशव्या पसरते. एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला, तिथल्या केसाला त्याचा धक्का लागला की झडप आत उघडते, पाण्याबरोबर तो आत ओढला जातो आणि पापणी लवायच्या आत झडप बंद होते.