दोन दारांची खोली

आमच्या खोलीत नेटची दोन दारं आहेत. भिंतीतल्या लॅनच्या वायरवर कॉलेजचा सर्व्हर आणि वायफायवर बाहेरचं जग. गंमत म्हणजे दोन्ही जोडलं की बाहेरचं जगच बंद! रूममेटच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची रात्र, आणि पान काही उघडेना. सगळे वायफायला शिव्या घालत होते. वायर काढावी, तर मार्कशीटचं स्कॅन सर्व्हरवर.

लॅपटॉपवर लिनक्स होतं. मी 'आयपी रूट' टाकून पाहिलं. डीफॉल्टच्या दोन ओळी दिसल्या: वायरचं मेट्रिक १००, वायफायचं ६००. ज्या पत्त्याचा वेगळा रस्ता टेबलात नाही, त्याचं पॅकेट डीफॉल्टने जातं. डीफॉल्ट दोन असतील तर कमी मेट्रिकवाल्याने. तो रस्ता पुढे बाहेर पोचतो का, हे त्या आकड्याला काय माहीत!

मग वायरच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये 'हे कनेक्शन फक्त त्याच्या नेटवर्कपुरतं वापरा' यावर टिक केली, कॉलेजच्या १०.०.०.०/८ साठी वायरवरून वेगळा रूट दिला आणि वायर काढून पुन्हा लावली. पावणेबाराला फॉर्म गेला बाबा एकदाचा!

तेव्हा मित्रांनो, वायफायला शिव्या देण्याआधी रूट टेबल वाचा. अडलंच तर खोलीवर या. चहा मात्र तुमच्याकडून!