मागच्या दोन चाकांचा करार

बैलगाडीची दोन्ही चाके स्थिर आसावर आपापली फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर तोडावे लागते, आतल्याला कमी. पण कुणाचे अडत नाही, कारण ओढणारे बैल पुढे असतात. शक्ती थेट चाकांनाच द्यायची ठरली, तेव्हा पेच पडला. १८२०च्या दशकाच्या अखेरीस ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी दातेरी चक्रांचा संच योजून तो सोडवला: जोर दोघांना सारखा, वेग ज्याचा त्याला. (चीनच्या दक्षिणदर्शक रथात हीच युक्ती होती, असे नेहमी सांगितले जाते. मूळ रथ एकही उरलेला नाही. तो दावा जपूनच करावा.)

या समान वाटपातच खोट होती. एका चाकाची पकड सुटली, की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनसाठी रचलेल्या १६ सिलिंडरच्या शर्यतगाडीचे एक मागचे चाक वेग चढला तरी नुसतेच भिरभिरत असे. अखेर १९३५मध्ये झेडएफ कंपनीकडे मर्यादित घसरणीच्या डिफरन्शियलचे काम सोपवले गेले.

पुढे हाच प्रश्न जपानच्या घाटांत आला, आणि तेथे तो पैशाचाही झाला. नागानो प्रांतातले केइची त्सुचिया घाटरस्त्यांवर ड्रिफ्ट शिकले. त्यांच्या नावाशी जोडली गेलेली टोयोटा एई८६ (१९८३–८७) ही १.६ लिटर इंजिनाची, मागच्या चाकांवर चालणारी साधी गाडी. असली गाडी घेणाऱ्या तरुणाकडे बहुधा गाडी एकच असे: रात्री घाट, सकाळी नोकरी.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आतली चक्रे वेल्डिंगने जखडणे. मागचा भाग लगेच सुटतो, पण पार्किंगमध्ये वळतानाही टायर किंचाळतात, ॲक्सलवर ताण येतो आणि पावसात गाडी बेभरवशाची होते. रस्त्यावरच्या गाडीसाठी हा सौदा वाईटच. क्लचप्लेटच्या डिफरन्शियलमध्ये ‘वन-वे’ फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर चाके बांधते. ‘टू-वे’ पाय काढल्यावरही बांधून ठेवते. ड्रिफ्टमध्ये पाय वर-खाली होतच असतो, म्हणून तेथे ‘टू-वे’चा भरवसा मोठा. तीच पकड रोजच्या वळणावर गाडीचे नाक बाहेर ढकलते. ‘दीड-वे’ ही मधली तडजोड: पाय काढल्यावर बांधते, पण कमी जोराने. तिरक्या दात्यांचे टॉर्सन पद्धतीचे डिफरन्शियल शांत आणि टिकाऊ. मात्र चाक अधांतरी उचलले गेले, की ते जवळजवळ साध्यासारखेच हतबल होते.

एकाच गाडीने कामावरही जायचे असेल, तर टॉर्सन किंवा ‘दीड-वे’ घ्यावे. ‘टू-वे’ बंदिस्त ट्रॅकवरच्या गाडीसाठी ठेवावे. प्लेटवाल्या संचाला नेमून दिलेलेच तेल घालावे लागते, आणि तेही साध्या डिफरन्शियलपेक्षा लवकर बदलावे लागते. हा खर्च खरेदीच्या दिवशीच हिशेबात धरावा.