कपाटाच्या पोटात

दहावीच्या वर्षी आईने आमचा व्हिडिओ गेम दिवाणात टाकला, वर दोन गोधड्या घातल्या आणि त्या दिवाणावर स्वतःच झोपायला लागली. कुलपाची गरजच उरली नाही. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली ती जपानी फॅमिकॉमची नक्कल होती, पण हे आम्हाला कुठे ठाऊक होतं!

आता लपवणारा मी आहे. कमावता झाल्यावर एकेक जमवत गेलो : १९८३चा अस्सल फॅमिकॉम, मेगा ड्राइव्ह, पहिला प्लेस्टेशन. बेंगळुरूच्या दोन खोल्यांत बायकोने एकच अट घातली, हॉलमध्ये वायरींचं जंजाळ नको. उरलं बाबांचं सागवानी कपाट.

वस्तू कपाटात कोंबल्या की झालं, असं नसतं. बंद दारामागे अडॅप्टर तापतात, म्हणून हवेला वाट लागते. वायरी हातावर घट्ट गुंडाळल्या तर आतून तुटतात. सैल वेटोळं करून कापडी पट्टी बांधायची. प्रत्येक प्लगला चिठ्ठी, नाहीतर एकाचा अडॅप्टर दुसऱ्याला लागतो आणि जीव जातो यंत्राचा. आईच्या डांबराच्या गोळ्या तिथून काढल्या, तेव्हा ती दोन दिवस रुसली. खेळातली बंदूक मात्र नुसतीच ठेवलीय. तिचा नेम जुन्या टीव्हीच्या काचेवर रेघेरेघेने चित्र उमटण्यावर चालायचा, सपाट टीव्हीपुढे ती आंधळी.

प्रश्न मागच्या फळीचा होता. वायरी आणि हवा, दोन्हींसाठी भोक पाडणं भाग होतं. सुतार ड्रिल घेऊन उभा, आणि आई म्हणाली, "आधी त्याला विचार."

तो म्हणजे धाकटा. डोंबिवलीचं घर विकलं तेव्हा हे कपाट दोघांनाही हवं होतं. आई माझ्याकडे राहणार, म्हणून कपाटही माझ्याकडे, असं मी परस्पर ठरवलं. चार वर्षं तो फक्त आईच्या फोनवर बोलतो.

सुताराला परत पाठवलं. रात्री कपाटाचा फोटो काढून पाठवला, खाली लिहिलं, "भोक पाडू का?" उत्तर सकाळी आलं. "डावीकडे नको, तिकडे गाठ आहे, फळी चिरेल. उजवीकडे खाली पाड." पॉलिशच्या वेळी बाबांच्या हाताखाली तोच होता, मी नाही. मी तेव्हा खेळत असणार. थोड्या वेळाने आणखी एक ओळ : "दोन नंबरचा रिमोट अजून तसाच आहे?"

तसाच म्हणजे, फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्टचं बटण नसतं. त्याच्याजागी छोटा मायक्रोफोन. खेळ सुरू करणं, थांबवणं, सगळं पहिल्याच्या हातात. आमच्या नकलेतही तेच होतं, आणि पहिला कायम मी. धाकटा त्या बिनबटणाच्या रिमोटवर किती वर्षं खेळला, हे मी कधी मोजलं नाही.

"तसाच आहे," मी कळवलं. "ये. एक नंबर तू घे."

यावर अजून उत्तर नाही.

भोक उजवीकडे खाली पडलं. फॅमिकॉमची फळी सुताराने चॅनेलवर बसवली, ओढली की बाहेर येते. पण दोन्ही रिमोट यंत्रालाच जोडलेले आणि वायरी आखूड, सोफ्यापर्यंत पोचतच नाहीत. खेळायचं तर कपाटापाशीच बसावं लागणार, जमिनीवर, गुडघ्याला गुडघा लावून. काल संध्याकाळी ऑफिसातून आलो तर आईने कपाटासमोर दोन पाट मांडून ठेवले होते.